माहेरचं पाणी

शांगो गावातली मुलं तापाने फणफणायची थांबली, आणि समुद्रापलीकडच्या एका काचेच्या इमारतीत सुतक पसरलं.

वाचणाऱ्याला वाटेल, लिहिणाऱ्याची लेखणी घसरली. घसरलेली नाही. पोरं बरी झाली म्हणून धाय मोकलणारी माणसं या जगात असतात. ती चांगल्या कपड्यांतली, मृदू बोलणारी असतात आणि त्यांच्या भाषणात 'मानवजात' हा शब्द वारंवार येतो.

डॉ. वसुधा मडावी त्या इमारतीत कधी गेलेली नव्हती. ती होती टांझानियाच्या किनाऱ्यावर, एका रुंद खाडीच्या काठी, पत्र्याच्या प्रयोगशाळेत. डासांचा अभ्यास हे तिचं काम. पावसाळा संपल्यावर शांगोतल्या मुलांच्या रक्ताचे नमुने तपासायला आले आणि एकातही हिवतापाचा जंतू सापडला नाही. आधी तिला वाटलं, रसायन शिळं झालंय. तिने नव्याने तपासलं. मग मात्र ती खुर्चीतून उठली आणि एकटीच पत्र्याच्या भिंतीवर धाडधाड हात मारत हसत सुटली.

हसायला कारण होतं. वसुधा एटापल्लीकडची. तिच्या लहानपणी ताप हा ऋतूच होता. उन्हाळा, पावसाळा आणि ताप. तिची धाकटी बहीण त्यातच गेली. तेव्हाही शहरातून एक पथक आलं होतं, सगळ्यांच्या बोटांतून रक्त घेऊन गेलं होतं आणि पुन्हा म्हणून फिरकलं नव्हतं. त्या रक्तात काय सापडलं, हे गावाला आजतागायत कळलेलं नाही. वसुधा डास शिकली ती त्या रागातून.

पण शांगोची मुलं बरी होणं हे ठरलेल्या कार्यक्रमात नव्हतं. बरी व्हायची होती ती खाडीपलीकडच्या किलांगा गावातली.

हे समजायचं तर आधी डासाची ओळख हवी. हा डास मूळचा आपल्याकडचा. हिवतापाचे बाकीचे डास डबकी आणि ओढे शोधतात; याला मात्र साठवणीचं पाणी आवडतं. टाकी, माठ, रांजण, काहीही चालतं. जहाजांतून तो आफ्रिकेच्या बंदरांत उतरला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने खाली सरकत इथवर पोचला. वसुधाच्या गटाने याच डासाच्या जनुकांत बदल केला होता. बदललेल्या मादीच्या पोटात हिवतापाचा जंतू शिरला की तिथेच मरतो. ती चावते, पण रोग देत नाही.

एवढ्याने भागत नाही. संततीला आईबापांकडून अर्धा अर्धा वाटा मिळतो, त्यामुळे नवा गुण पिढ्यांमागून पिढ्या पातळ होत जातो, दुधात पाणी घालत राहावं तसा. म्हणून त्या गुणाला विष आणि उतारा यांची जोडी बांधली होती. बदललेली मादी आपल्या सगळ्या अंड्यांत विष ठेवते. ज्या पिल्लाला बदल मिळाला त्याला उताराही मिळतो, ते जगतं. ज्याला मिळाला नाही ते मरतं. त्यामुळे बदललेल्यांची संख्या आपोआप वाढत जाते. मात्र यात एक मेख मारलेली होती. गावातल्या एकूण डासांत बदललेल्यांचं प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर गेलं, तरच ही गाडी पुढे धावते. मर्यादेच्या खाली राहिलं, तर साधे डासच त्यांना नामशेष करतात.

ही मेख मुद्दामची. चुकून चार डास भलतीकडे गेले तरी काही बिघडू नये, आणि उद्या लोकांना हे नकोसं झालं तर साधे डास भरमसाट सोडून सगळं मूळपदावर आणता यावं. या सोयीला प्रकल्पात 'परतीचा रस्ता' म्हणत. वसुधाने स्वतः दोन्ही गावांत बसून समजावून सांगितलं होतं, "तुम्हाला आवडलं नाही तर आम्ही परत घेऊ." लोकांना ते पटलं होतं. कुठलीही परदेशी गोष्ट परत घेऊ म्हणणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मग किलांगात बदललेले डास सोडले. शांगोत काहीच सोडलं नाही, कारण ते 'तुलनेचं गाव'. औषधाने फरक पडतो हे दाखवायचं तर औषध न मिळालेलं कुणीतरी लागतं. शांगोच्या आजारी मुलांना गोळ्या मिळत, नाही असं नाही. पण आधी आजारी पडायचं, ही अट. त्यातली दोन मुलं त्याच काळात दगावली, आणि अहवालात ती 'अपेक्षित मर्यादेत' होती.

आता त्या गावात ताप नाही म्हटल्यावर तुलना कशाशी करणार? प्रकल्पाचे प्रमुख डॉ. यशवंत परचुरे यांचा पुण्याहून फोन आला. वसुधाला डास शिकवले ते याच माणसाने. आश्रमशाळेतून आलेल्या मुलीला बोट धरून प्रयोगशाळेत नेलं तेही यानेच.

"वसुधा, गळती शोध," ते म्हणाले. "अभिनंदन वगैरे नंतर."

गळती शोधायला फार लांब जावं लागलं नाही. शांगोत बीबी म्वानाहावा नावाची म्हातारी होती. बीबी म्हणजे आजी. साऱ्या गावाची ती आजी. वसुधा शांगोत आली की तिच्याच अंगणात आल्याचा चहा पिई. तिथल्या बायका वसुधाला 'दादा' म्हणत, कारण स्वाहिलीत दादा म्हणजे ताई. हे घरी फोनवर सांगितलं तेव्हा तिची आई पोट धरून हसली होती.

"शिकामू, बीबी," वसुधाने वाकून नमस्कार केला.

"मराहाबा, बिंती. ये पोरी, बस. पण आज तुझा चेहरा का असा?"

वसुधाने तिच्या रांजणावर वाकून डोक्यावरून चादर घेतली आणि प्रकल्पाचा खास दिवा आत धरला. बदललेल्या अळ्यांना खूण म्हणून डोळ्यांत एक रंग दिलेला होता, तो या उजेडात लाल चमके. रांजणात गुंजा सांडाव्यात तशा लाल ठिपक्यांची वळवळ चालली होती.

"हे पाणी कुठलं, बीबी?"

"पाणी विहिरीचं. पण आत सुनेचं पाणी आहे," म्हातारी म्हणाली. "आमची नातसून किलांगाची. लग्न करून आली तेव्हा आईच्या रांजणातली म्तुंगी भरून घेऊन आली आणि इथे ओतली. सगळ्याच आणतात. दोन घरांचं पाणी एक झाल्याशिवाय लग्न पुरं होत नाही."

म्तुंगी म्हणजे मातीची घागर. वसुधाने कपाळाला हात लावला.

"ते गाळत नाही का कुणी?"

"गाळायचं?" म्हातारीने कानांवर हात ठेवले. "आईच्या घरचं पाणी गाळायचं म्हणजे तिच्या घराला घाण म्हणायचं. तुमच्यात गाळतात?"

दोन वर्षं वादळांनी काजू झोपवला होता आणि खोळंबलेली लग्नं यंदा पीक येताच लागोपाठ उरकली होती. शांगोचे मासेमार आणि किलांगाच्या मुली, हा तर पिढ्यांचा रिवाज. घरोघरी घागरी आल्या, घागरींत अळ्या आल्या आणि बघता बघता मर्यादा ओलांडली गेली. खाडीची रुंदी, वाऱ्याचा वेग, डासाची झेप, सगळं मोजणाऱ्या विद्वानांनी, डास घागरीत बसून, गाजतवाजत, होडीतून जाईल हे गृहीतच धरलं नव्हतं. वसुधाला आठवलं: पहिल्याच बैठकीत तिने विचारलं होतं की या दोन गावांत सोयरिकी आहेत, माणसं येतात-जातात, त्याचं काय? परचुरे सर हसून म्हणाले होते, "लग्नाबिग्नाचं राहू दे. डास किती लांब उडतो ते सांग."

त्याच वेळी एक कोंबडी किंचाळत अंगणातून पळाली आणि तिच्या मागे टाटू. बीबीची पणती, चार वर्षांची. मागच्या वर्षी तापात तिला झटके आले होते आणि आठवडाभर ती कुणाला ओळखत नव्हती. यंदा कोंबड्यांना तिच्यापासून वाचवायची वेळ आली होती.

"बघ," म्हातारी म्हणाली. "आमच्याकडे यंदा कोंबड्याच तेवढ्या आजारी."

वसुधाने सरांना सगळं खरं सांगितलं. खरं सांगितलं की मार्ग निघतो, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. मार्ग निघाला. आठच दिवसांत आदेश आला: शांगोत 'मूळ स्थितीची पुनःस्थापना' करावी. म्हणजे सगळे रांजण रिकामे करा, घरोघरी फवारणी करा आणि मग साधे डास सोडा. तेच, ताप देऊ शकणारे. बदललेल्यांचं प्रमाण मर्यादेखाली आलं की पुढचं निसर्ग करील. काचेच्या इमारतीतून प्रकल्पाला पैसा पुरवणाऱ्या प्रतिष्ठानच्या स्वतःच्याच नीतिसमितीने याला मान्यताही दिली होती. त्यांचं म्हणणं असं, की आपण रोग सोडत नाही, फक्त डास सोडतो. रोग कुठून आला तर तो स्थानिक.

"सर, हा 'परतीचा रस्ता' लोकांसाठी होता," वसुधा फोनवर जवळजवळ ओरडली. "त्यांना नको झालं तर!"

"ओरडू नकोस. मलाही आनंद होत नाहीये. पण अकरा देश या चाचणीकडे डोळे लावून बसलेत. तुलना पूर्ण झाली नाही तर परवानगी नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पाच-सहा वर्षं. तेवढ्यात किती मुलं जातील, हिशेब कर. एका गावासाठी अकरा देश थांबवायचे?"

हे बोलणं खोटं नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

"पण शांगोतला ताप गेला, हाच पुरावा नाही का? आधी होता, घागरी आल्या, गेला."

"तो पुरावा नाही, अपघात आहे." मग परचुरे आवाज खाली आणून, घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "आणि खरं सांगू? गावागणिक परवाना विकायचा बेत आहे प्रतिष्ठानचा. जी वस्तू घागरीतून फुकट जाते, ती विकत कोण घेणार? म्हणून त्यांना हे मिटवायचंय. तू शहाणी आहेस. नोकरी सोडलीस तर मी दुसरा माणूस पाठवीन, आणि तो तुझ्यासारखा हळवा नसेल."

शहाण्या माणसाला गप्प करायचा हा उपाय जुना आहे आणि अजून लागू पडतो. वसुधाने नोकरी सोडली नाही. आपण असलो तर निदान आजारी मुलांवर लक्ष ठेवू, असं तिने स्वतःला सांगितलं. अशी समजूत घालून आजवर काय काय केलं गेलंय, त्याचा इतिहास कुणी लिहीत नाही.

काजूच्या झाडाखाली सभा भरली. प्रकल्पाचे लोक खुर्च्यांवर, गाव चटयांवर. वसुधाने स्वाहिलीत सगळं समजावलं. बोलताना ती टाटूकडे बघत नव्हती. तिचं झाल्यावर बीबी म्वानाहावा काठी टेकत उठली.

"पोरी, तू म्हणाली होतीस, आवडलं नाही तर परत घेऊ."

"हो, बीबी."

"आम्ही कधी म्हटलं आवडलं नाही?"

खुर्चीवरच्या एका गृहस्थाने घसा खाकरून सांगितलं की आजींनी तांत्रिक बाजू समजून घ्यायला हवी. या गावाला हे डास मुळात दिलेच नव्हते. ते नियमबाह्य मार्गाने आले.

"म्हणजे आमच्या सुना चोर?" म्हातारी म्हणाली, आणि सभा तिथेच संपली.

मग फवारणी झाली. अंगावर निळे पोशाख चढवलेली माणसं घरोघरी शिरली आणि रांजण उपडे करत सुटली. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, म्हणतात ते असं. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानंतर साधे डास आले, पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, आणि त्यांची पैदास वसुधाच्याच पत्र्याच्या शेडमध्ये झाली होती. अळ्यांना खाणं ती आपल्याच हाताने घालत होती. बीबीच्या अंगणातला चहा बंद झाला. रस्त्यात भेटली तर म्हातारी मान वळवून घेई.

पाऊस दोनदा येऊन गेला आणि टाटूला ताप भरला.

निरोप आला तशी वसुधा आरोग्य केंद्राकडे धावली. केंद्राची पाटी सुंदर होती, पाच देणगीदारांची चिन्हं असलेली. आत एक परिचारिका होती आणि औषधाचं कपाट अर्धं रिकामं. टाटूची नजर फिरली होती, दातखीळ बसत होती.

"सलाईन लावलंय," परिचारिका म्हणाली. "पण हिला जिल्ह्याला न्यायला हवं, आता लगेच. आमची गाडी दोन महिने बिघडलेली आहे."

प्रकल्पाकडे डासाच्या जनुकांचं अक्षर न् अक्षर वाचणारं यंत्र होतं. त्या यंत्राला गार ठेवायला वीज होती, विजेला सौरपट्ट्या होत्या. माणसाचं पोर न्यायला गाडी नव्हती. म्हणजे गाडी होती, पण ती डासांची. नव्या खोक्यांनी भरलेली जीप बाहेरच उभी होती आणि ती 'जैविक नमुन्यांखेरीज कशासाठीही' वापरायची नाही, असा नियम होता. वसुधाने मागचं दार उघडलं आणि एकेक खोकं उचलून आरोग्य केंद्राच्या अंगणात, भर उन्हात आपटलं.

"मॅडम, ते जिवंत आहेत!" चालक घाबरला.

"ही पण जिवंत आहे. गाडी काढ."

टाटू वाचली. पण झटक्यांनी तिचा डावा हात लुळा पडला. सुधारेल, डॉक्टर म्हणाले, कदाचित. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बीबी आणि वसुधा शेजारी बसल्या होत्या. वसुधा रडत होती आणि म्हातारी तिला रडू देत होती.

"बीबी, मला शिव्या द्या."

"देईन. सवडीने देईन." म्हातारीने आपल्या कांग्याच्या, म्हणजे अंगावरच्या रंगीत सुती कापडाच्या, पदराने तिचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं. "आधी ऐक. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे लग्न आहे, माझ्या धाकट्या नातवाचं. मुलगी किलांगाची, सिती. तेव्हा तुझे लोक होडीत पाणी अडवणार का?"

"अडवणार. आदेश निघालाय. धक्क्यावर घागरी तपासायच्या."

"कोण तपासणार?"

"मीच. दिवा माझ्याकडे असतो."

"हं." म्हातारीने काठीने फरशीवर रेघ ओढली. "मग तुला एक सांगून ठेवते. तुझ्या साहेबांना सांगायचं तर सांग. परक्याने रांजण उपडा केला तर ते घर सुतकातलं. सुनेने माहेरी जायचं आणि पुढच्या लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर आईकडून पुन्हा पाणी आणायचं. त्याशिवाय चूल धड पेटत नाही आमच्यात. तुम्ही गावातले सगळेच रांजण उपडे केलेत, पोरी."

वसुधाच्या ध्यानात आलं, आणि दवाखान्यातल्या त्या बाकावर, टाटूचा लुळा हात समोर दिसत असताना, तिला हसू फुटलं. ते हसू चांगलं नव्हतं. त्यात राग होता.

साहेबांना तिने हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं. लग्नाबिग्नाचं राहू दे, असंच त्यांचं म्हणणं होतं ना!

लग्नाच्या दिवशी परचुरे सर स्वतः हजर झाले. जीपमधून डास उतरवल्याची बातमी पुण्याला पोचली होती आणि प्रतिष्ठानला हे प्रकरण आता जबाबदार माणसाच्या हाती हवं होतं. धक्क्यावर ते छत्री घेऊन उभे राहिले, केस विरळ झालेले, प्रवासाने थकलेले. जिल्हा कचेरीने एक पोलीस दिला होता, हवालदार सूदी. पोट सुटलेला, घामाघूम झालेला, हातात आदेशाचा कागद.

ओहोटी होती. तिवरांच्या मुळांतून पाणी मागे हटलं होतं. पलीकडून ढोलाचा आवाज आला आणि पहिली होडी दिसली. तिच्यात नवरी, तिची मावशी आणि मधे कांग्याने झाकलेली घागर. मागे दुसरी होडी, तिसरी, आणि पुढे मोजण्यात अर्थ नव्हता. गेले चार दिवस शांगोतल्या किलांगाकडच्या झाडून साऱ्या सुना लग्नाला म्हणून माहेरी गेल्या होत्या. आता त्या परत येत होत्या आणि प्रत्येकीजवळ घागर होती. काहींचे तर केस पांढरे झालेले. त्यांच्या आया वारल्या होत्या, त्यांनी भावजयांकडून भरून आणलं होतं.

"हे काय आहे?" परचुरे म्हणाले. "वसुधा, हे काय चाललंय?"

"माहेरचं पाणी, सर. तुम्ही रांजण उपडे केलेत, म्हणून."

"तुला माहीत होतं?"

"हो."

सिती धक्क्यावर उतरली. जेमतेम विशीची पोर, मेंदीने हात रंगलेले, डोळे रडून सुजलेले. सासरच्या उंबऱ्यापर्यंत घागर जमिनीला टेकवायची नसते म्हणून तिने आणि मावशीने ती दोन्ही बाजूंनी कमरेवर धरली होती. हवालदार सूदी पुढे झाला, मग लाजून मागे झाला.

"दादा, तुम्ही बघा," तो वसुधाला म्हणाला.

वसुधाने डोकं कांग्याखाली घातलं. आत तिघींचे चेहरे जवळजवळ आले: सिती, तिची मावशी आणि ती. मातीचा ओला वास आला. दिवा लावला. काठोकाठ भरलेल्या पाण्यात लाल ठिपके वर-खाली करत होते, भरपूर.

"दिसतंय काही?" सितीने हळूच विचारलं. "नाही म्हणाल का, दादा?"

नाही म्हणणं सोपं होतं. कुणाला कळलं नसतं. पण वसुधाच्या डोळ्यांसमोर तिच्या गावची ती बोटं आली, ज्यांतून रक्त गेलं आणि उत्तर आलं नाही. सगळं कुजबुजत, झाकपाक करत, कागदाखाली दडवत चालतं म्हणूनच तर चालतं. या बायकांनी काही चोरलं नव्हतं. मग चोरासारखं का वागायचं? तिने डोक्यावरचा कांगा काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आधी स्वाहिलीत आणि मग मराठीत सांगितलं:

"अळ्या आहेत. बदललेल्या आहेत, जिवंत आहेत, भरपूर आहेत. या घागरीत आहेत आणि मागच्या सगळ्या घागरींत असणार. मी तपासलं. आता जाऊ द्या त्यांना."

ढोल थांबला.

"वसुधा!" परचुरे यांची छत्री कलली. "हवालदार, आदेश वाचा."

सूदीने कागद उघडला. कपाळ पुसलं. "अळ्या आढळल्यास भांडी तात्काळ रिकामी करावीत," त्याने एकेक शब्द वाचला. मग पुन्हा मनाशी वाचला. मग त्याने बायकांच्या त्या रांगेकडे पाहिलं. रांगेच्या टोकाला बीबी म्वानाहावा उभी होती, नातसुनेला घ्यायला आलेली, आणि तिला बिलगून टाटू, डावा हात लोंबत असलेली. हवालदाराने त्या हाताकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यालाही घरी पोरं असणार.

"साहेब, रिकामी करावीत असं लिहिलंय," तो म्हणाला. "कुठे रिकामी करावीत ते लिहिलेलं नाही." आणि बायकांकडे वळून, पोलिसी आवाज लावून ओरडला, "ए, ऐकलं ना? तात्काळ! आपापल्या घरी जाऊन रिकामी करा! रांजणात करा, सांडू नका!"

त्यानंतर जो आवाज उठला तो इकडच्या बायका आनंदात जिभेने काढतात तो, आणि खाडीच्या दोन्ही काठांवर तो ऐकू गेला. ढोल वाजू लागला. घागरी एकामागून एक वसुधासमोरून गेल्या. काही बायका हसत होत्या, काही रडत होत्या, आणि एका म्हातारीने जाता जाता परचुरे यांच्या बुटावर नेमकं पाणी सांडलं.

घराघरातून पाणी ओतल्याचे आवाज येत होते. परचुरे धक्क्याच्या कठड्यावर बसले होते. ते चिडलेले नव्हते. तसे असते तर वसुधाला सोपं गेलं असतं.

"ओळखपत्र दे," ते म्हणाले. तिने गळ्यातून काढून दिलं. "तुला कळतंय ना, काय केलंस? चाचणी संपली. तुला आता कुणी दारात उभं करणार नाही. मीसुद्धा करू शकणार नाही."

"कळतंय."

"आणि ते अकरा देश? तिथली मुलं? ती तुझ्यामुळे थांबली, वसुधा. हे ओझं घेऊन जगशील?"

वसुधा खाडीकडे बघत होती. रिकाम्या होड्या किलांगाकडे निघाल्या होत्या. बीबीने अंगणातून तिला हाक मारली; चहा ठेवला होता.

"सर," ती उठत म्हणाली, "त्या अकरा देशांतही मुली सासरी जातात."

आणि ती चहाला गेली. म्हातारीने सवडीने द्यायच्या म्हणून राखून ठेवलेल्या शिव्या तिला अजून खायच्या होत्या.